न वाजणारी घंटा

“पण महाराज, घंटा वाजतच नाही, तर पंप बिघडतात कुठे?”

रणधीर शिंत्रेने पुन्हा तेच विचारलं. भाऊमहाराज मठाच्या ओट्यावर गवार मोडत बसले होते. पंगतीची वेळ जवळ आली होती आणि पाटी अजून अर्धी भरली नव्हती.

“कसली घंटा?”

टेकडीवर मठ, खाली औद्योगिक वसाहत, आणि वसाहतीत शिंत्रेचा शेतीपंपांचा कारखाना. वडिलांनी उभा केलेला आणि आता बसायच्या बेतात आलेला. पंप शेतात जायचा, मोटरीत पाणी शिरायचं, मोटर जळायची, पंप परत यायचा. परत आलेल्या पंपांनी मागचं आवार भरून गेलं होतं. ज्या कंपनीच्या नावाने ते विकले जात, तिने आता शेवटचं बजावलं होतं. या खेपेत एक जरी पंप खराब निघाला किंवा गाडीला एक दिवस जरी उशीर झाला, तर काम बंद. काम बंद म्हणजे कारखाना बंद, आणि त्यावर चालणाऱ्या सगळ्या चुली बंद. शिंत्रेचं खाण्यापिण्यातलं लक्ष उडालं होतं.

गाडी आज संध्याकाळी निघायची होती.

“महाराज, पुण्याला जाऊन मी सगळं शिकून आलो. जपानी पद्धत आहे. फापटपसारा काढून टाकला. पाना कुठे, हातोडी कुठे, चित्रं काढून जागा ठरवल्या. फरशीवर पिवळे पट्टे मारले. लागेल तेवढंच बनवायचं, ढीग लावायचा नाही.”

“बरं.”

“भिंतीवर पाट्यासुद्धा लावल्या.”

पाट्या लावण्यात आपल्याकडे कुणी कमी पडत नाही. महाराज शेंगा मोडत राहिले.

“आणि घंटा बांधली. पंप जोडायच्या लाइनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी. कुणालाही काही चुकलेलं दिसलं की त्याने ओढायची. घंटा वाजते, लाइन थांबते, चूक जागच्या जागी सुधारते. खराब माल पुढे सरकूच शकत नाही.” त्याच्या आवाजात आता जरा ऐट आली. “आणि आमची घंटा वाजत नाही, महाराज. म्हणजे चूक होत नाही. मग घोडं पेंड खातंय कुठे?”

महाराजांनी एका शेंगेची शीर काढली.

“कधीच वाजली नाही?”

“वाजली होती, बांधली त्याच दिवशी. लाइनीवरच्या मुजावरने ओढली. कारण विचाराल तर एक बोल्ट तिरका बसला होता.”

“मग?”

“मग काय… समजावलं त्याला.”

“कसं समजावलंस?”

खाली कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला. शिंत्रेने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

महाराजांनी पाटी बाजूला सारली आणि काठी घेतली.

“चल. तुझी घंटा बघू.”

कारखाना लखलखीत होता. पट्टे पिवळेधमक होते, पाने आपापल्या चित्रांवर टांगलेले होते. मालक आत आला तशा लाइनीवरच्या माना खाली गेल्या. कुणी नमस्कार केला नाही, कुणी हसलं नाही, हात मात्र भराभर चालू राहिले. शिंत्रेला ही शिस्त फार आवडायची.

दारात गाडी लागली होती. पेट्या चढत होत्या.

महाराज वर बघत बघत लाइनीच्या कडेने चालले. इथे सगळ्यांचे हात ग्रीसने काळे झालेले होते. भिंतींवर, खांबांवर, पाण्याच्या माठावरसुद्धा बोटांचे काळे ठसे होते. दोरी तेवढी पांढरीशुभ्र होती. तिच्यावर एक डाग नव्हता.

“छान आहे,” महाराज म्हणाले. “ओढ.”

“मी?”

“तू.”

“आत्ता? महाराज, गाडी भरायची चाललीये. लाइन थांबली तर…”

“घंटा तुझी, कारखाना तुझा. ओढ.”

“पण काही चुकलेलं दिसायला तर पाहिजे ना?”

“नाही दिसलं?”

शिंत्रेने खिशातला रुमाल चाचपला.

सकाळी तो असाच लाइनीवरून गेला होता. एका पंपावर त्याने सहज हात ठेवला. मोटरीत पाणी शिरू नये म्हणून बसवतात ते रबरी सील त्याच्या बोटाखाली गरकन फिरलं. ते फिरायला नको होतं. त्याने बोट काढून घेतलं, रुमालाला पुसलं आणि ‘एखादं असतं तसं’ असं मनाशी म्हणत तो केबिनमध्ये गेला. त्यानंतर तो लाइनीकडे फिरकलाच नव्हता. मठात आला होता.

“ओढ,” महाराज पुन्हा म्हणाले. आवाज चढला नव्हता.

शिंत्रेने हात वर केला. ज्याच्या नावाची पाटी फाटकावर होती, त्याला आपल्याच छपराखाली सुतळीएवढी दोरी ओढवेना. बोटं दोरीला लागली, सुटली, पुन्हा लागली. काय होईल ते होईल म्हणून त्याने डोळे मिटले आणि हिसका दिला.

घंटा मोठ्याने वाजली. लाइन थांबली.

पत्र्याच्या पार्टिशनमागून सुपरवायझर गवंडी धावत आला. येता येताच ओरडत होता.

“कुणी वडली रं? कुणाचा हात वळवळला? गाडी दारात हाय, दिसत न्हाई व्हय?”

शिंत्रे चटकन दोरीपासून बाजूला झाला. हात पाठीमागे गेला.

आपण काय केलं हे त्याला मागाहून कळलं. आणि गवंडीचं ओरडणं कुठून आलं, हेही कळलं. त्या दिवशी मुजावरवर तो स्वतः असाच धावून गेला होता. हेच शब्द होते, हीच पट्टी होती. गवंडी बिचारा मालकाकडे बघून शिकला होता.

गवंडी जवळ आला, त्याने पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

“साहेब… तुम्ही व्हय? मला वाटलं…”

कुणी हसलं नाही. महाराज शिंत्रेच्या तोंडाकडे बघत नव्हते. पाठीमागे लपवलेल्या हाताकडे बघत होते.

शिंत्रेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने हात पुढे आणला.

“मी ओढली,” तो म्हणाला. आवाज नीट फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाला. “मी ओढली. सील सैल बसतंय. सकाळीच बघितलं होतं मी… बोललो नाही.”

“साहेब, एखाद्या पंपाचं…”

“गवंडी, भरलेल्या पेट्या उतरवा. सगळे पंप पुन्हा तपासायचे. गाडी आज जायची नाही.”

“आणि कंपनी?”

“कंपनीला मी सांगतो.”

काय सांगायचं ते त्याला ठाऊक होतं. कसं सांगायचं ते नव्हतं. त्या एका फोनवर वडिलांचा कारखाना जाऊ शकत होता. खिशातल्या मोबाइलवर त्याचा हात गेला आणि तिथेच राहिला.

“महाराज,” तो हळूच म्हणाला, “आज बुडालो तर?”

तेवढ्यात घंटा वाजली.

शिंत्रे दचकला. त्याच्याजवळच्या दोरीला कुणी हात लावला नव्हता. लाइनीच्या पार दुसऱ्या टोकाला मुजावर उभा होता, दोरी मुठीत धरून. चेहरा भेदरलेला होता, पण मान खाली नव्हती.

“साहेब,” तो तिथूनच म्हणाला, “जरा हिकडं बी या. सीलाचंच न्हाई नुसतं.”

शिंत्रेने महाराजांकडे पाहिलं.

“महाराज… पुन्हा वाजली.”

“ऐकली,” महाराज म्हणाले. “पेढे मागव.”