गारगोटीची धार

दगडांना बोलता येत होतं त्या काळी नदीकाठी एक गारगोटी आणि एक गोल गोटा शेजारी राहत. एकदा येसबा तिथे आला. दगडाची पातळ पाती घडवायची त्याला भारी हौस. नदीच्या धारेला ओंजळ लावून तो पाणी प्यायला, मग गारगोटी उचलून म्हणाला, "हिची नामी धार निघेल." ठोकायला म्हणून त्याने गोटाही घेतला.

गारगोटी चक्रावली. धार तर नदीतच राहिली की!

अंगणात येसबा गोट्याने तिचे कपचे उडवू लागला. गोटा रडकुंडीला आला. "मी तुला का मारतोय गं?"

"मार, दादा. आत खरंच धार असेल तर बघू तरी."

"अहो, घरात विळी असताना हे काय?" येसबाच्या बायकोने विचारलं.

"हौस!"

शेवटी गारगोटीचं पानाएवढं पातळ पातं उरलं. येसबाने त्यावर अंगठा फिरवला. रक्ताची धार लागली, आणि तो आनंदाने ओरडला, "आली बघ धार!"

पातं गोंधळून गोट्याला म्हणालं, "दादा, नदीच्या धारेने याची तहान भागवली, तेव्हा हा साधं हसलाही नाही. आता का नाचतोय?"