ठमाईला न कळलेली माती

फार फार वर्षांमागं सोनदऱ्यात ठमाई नावाची बाई होती. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि सांगायची, इथं बाजरी पेरा, इथं तूर, इथं गुरं चरू द्या. तिचा शब्द कधी खोटा ठरला नाही, असं म्हणतात. अहो, नांगर धरणारे मिशीवाले गडी तिच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे!

एका साली गावाला जमीन पुरेना. मग झऱ्याच्या वरचा गवताळ उतार नांगरायचा, असं ठरलं. त्यातला पहिला तुकडा ठमाईच्या लेकाला, सहदूला मिळणार होता, कारण त्याच्याकडं वीतभरही रान नव्हतं. तो मिळाला नाही तर पोटासाठी गाव सोडणं आलं.

ठमाईनं तिथली माती जिभेवर ठेवली. गोड लागली. चार पावलांवर कडू. पुन्हा पहिल्या जागी आली, तर तीच माती खारट! बाई चक्रावलीच. चूळ भरली, पुन्हा चाखली. तीन दिवस ती उतारावर फिरत होती आणि खाली बैल जुंपून उभे होते. लोक म्हणाले, म्हातारीच्या तोंडाची चव गेली. तिलाही तसंच वाटायला लागलं. माती गोड लागतेय, की लेकासाठी ती गोड लागावी असं वाटतंय? काही उमगेना.

सहदू जवळ आला. "आये, नुसतं हो म्हण. तुझ्या शब्दापुढं कोण जातंय?"

ठमाईला रडू फुटलं. "मला कळत नाही रे. कळत नाही तिथं हो कशी म्हणू?"

बैल सोडले. सहदू गाव सोडून गेला.

त्या पावसाळ्यात आभाळ फाटलं. शेजारच्या गावांनी नांगरलेले उतार ओढ्यातून वाहून गेले. सोनदऱ्याच्या गवतानं मात्र सात दिवसांचा पाऊस पिऊन टाकला, आणि पुढं तीन दुष्काळ झरा आटला नाही, असं म्हणतात. लोक ठमाईच्या पाया पडायला गेले. ती आपली ज्याला त्याला विचारायची, माझं चुकलं का हो? विचारता विचारताच एक दिवस ती त्या गवतात शिरली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही.

अजूनही सोनदऱ्यात नवं रान मोडायच्या आधी गावातलं जाणतं माणूस माती चाखतं. "ठमाईला कळत नाही," असं ते म्हणालं की कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, बैल सोडतात. आणि ते रान ज्याला मिळणार होतं, त्याला गावातला प्रत्येकजण आपल्या शेताचा एकेक पट्टा कसायला देतो. सहदूला तेवढं कुणी दिलं नव्हतं.