टिटवीबाईंचं आभाळ

कोणे एके जंगलात, जिथे झाडी संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथे, एक टिटवी राहत असे. राहत असे म्हणण्यापेक्षा धावत असे म्हणा, कारण तिला एका जागी उभी कुणी पाहिलेलीच नव्हती. माळावरच्या बेहड्याखाली तिने एक लहानशी शाळा काढली होती. मुलं अवघी अकरा, अकरा घरांतली. ससा, खार, मुंगूस, साळिंदर, माकड, कासव, अशी सगळी चिल्लीपिल्ली. मुलं तिला टिटवीबाई म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू. शिकवणाऱ्याला एकेरी हाक मारू नये.

आता टिटव्यांची एक गंमत तुम्ही ऐकली असेल. टिटवी म्हणे उताणी झोपते, काड्यांसारखे दोन्ही पाय वर करून. का? तर आभाळ कोसळलंच, तर ते पायांवर झेलता यावं! आमच्या टिटवीबाईही दुपारच्या सुट्टीत बेहड्याखाली अशाच पडायच्या. सशाची चिमुरडी विचारायची, "बाई, आभाळ एवढं मोठं आणि तुमचे पाय एवढेसे. पेलेल का?" बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "आजवर कधी पडलंय का? मग!"

शाळासुद्धा बाईंनी अशीच एकटीने पेलून धरली होती. दरवर्षी सुगी झाली की अकराही घरांचा मेळावा भरे. पोत्यांची शर्यत, रस्सीखेच, मुलांची गाणी, शेवटी पंगत. झाडलोट बाई करणार, तोरणं बाई बांधणार, भोपळ्याची खीर बाई ढवळणार, स्वागतगीतही बाईच म्हणणार. आलेल्या आईबापांनी काय करायचं? बसायचं. कुणी हात पुढे केला की बाई चोच वर करून म्हणत, "छे छे, तुम्ही पाहुणे! बसा हो, बसा."

एका वर्षी माकडीण उत्साहाने म्हणाली, "बाई, तोरणं मी बांधते की. उंचावर मला जास्त जमेल." बाई म्हणाल्या, "तुम्ही बांधाल आणि पुन्हा सोडून मलाच बांधावं लागेल. राहू द्या." त्याच वर्षी साळिंदरीण लाजत लाजत पुढे आली. तिच्या घरात सगळे रात्री जागणारे, तरी बिचारी भर दिवसा डोळे चोळत आली होती. म्हणाली, "पत्रावळी मी लावू का?" बाई घाईत होत्या. पटकन बोलून गेल्या, "नको गं बाई, तुझे काटे लागायचे कुणाला तरी!" चार जण हसले. साळिंदरीणही हसली, पण पंगतीला मात्र ती बसली नाही.

पुढच्या वर्षी मेळाव्याला सात घरं आली. त्याच्या पुढच्या वर्षी चार. बाईंचा जीव तीळतीळ तुटे. "मी एवढी मर मर मरते आणि यांना साधं येऊन बसायला होत नाही! कुणाला म्हणून शाळेची काळजी नाही," असं त्या बेहड्याला सांगत. बेहडा ऐकून घेई. झाडं फार समजूतदार असतात.

यंदा मेळावा आठ दिवसांवर आला आणि जंगलाचा पंच, म्हातारा गवा, माळावर येऊन उभा राहिला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "बाई, राग मानू नका. नदीपलीकडे मोठी शाळा आहे. पंचांचं म्हणणं असं, की घरच्यांनाच या शाळेची ओढ नाही, तर ती चालवायची कशाला? मेळाव्याला मी येईन. घरं दिसली तर ठीक. नाही दिसली, तर पोरं पलीकडे जातील."

पलीकडे जायचं म्हणजे रोज नदी ओलांडायची! कासवाचं पोर जाईल हो पोहत, पण सशाच्या चिमुरडीचं काय? खारीच्या पिल्लाचं काय? साळिंदराचं पोर तर वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला तरी अंग फुलवून बसायचं. बाईंनी मनाशी ठरवलं, यंदा असा मेळावा करायचा की सगळ्यांनी तोंडात बोट घालावं. पाच पदार्थ, दहा शर्यती! अर्थात एकटीनेच.

आणि मग व्हायचं तेच झालं. मेळाव्याच्या आदल्या सकाळी, चोचीत तोरण, डोक्यात खीर आणि गळ्यात स्वागतगीत, अशा बाई माळावरून सुसाट धावत होत्या. दोन दगडांच्या फटीत पाय अडकला आणि कट्ट असा आवाज झाला. बाई ज्या आडव्या झाल्या त्या झाल्याच. मुंगसाची आजी पाला घेऊन धावत आली. पाय बांधून म्हणाली, "मोडला नाही, मुरगळलाय. पण चार दिवस जागचं हलायचं नाही. हललात तर माझ्याशी गाठ आहे!"

बाई बेहड्याला टेकून बसल्या. समोर पळसाची पानं तशीच पडलेली, भोपळे तसेच, तोरण धुळीत. आयुष्यात पहिल्यांदा बाई मुलांसमोर रडल्या. "मेळावा होणार नाही रे," त्या म्हणाल्या. "जा घरी. सांगा आईला."

मुलं गेली. उन्हं जरा कलली तेव्हा साळिंदरीण आली. ती एकटीच आली आणि जरा लांबच उभी राहिली. "पोर सांगत होतं, तुम्ही रडलात म्हणून," ती म्हणाली. "काय काय राहिलंय?"

"सगळंच."

"मग सांगा की कुणाला तरी."

बाईंनी चोच उघडली आणि मिटली. अकरा मुलांना पाढे शिकवले त्यांनी, पण 'मला जमत नाही, तुम्ही करा' एवढं एक वाक्य त्यांना म्हणता येईना. शेवटी खाली बघत त्या पुटपुटल्या, "साळिंदरवहिनी, पत्रावळी लावाल का?"

साळिंदरीण हळूच म्हणाली, "आणि माझे काटे लागले कुणाला तरी?"

"तुमचे काटे कुणालाच लागले नव्हते," बाई म्हणाल्या. "माझी जीभ लागली. तुम्ही झोपमोड करून आला होतात आणि मी चारचौघांत तुम्हाला हिणवलं. चुकलं माझं, वहिनी."

साळिंदरीण खाली बसली, पळसाची दोन पानं उचलली, आपल्याच अंगाचा गळून पडलेला एक काटा घेतला आणि टाचली की हो पत्रावळ! अशी घट्ट, की खीर काय, पाणीसुद्धा गळू नये. बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या पानं टाचायला काड्या शोधत रानभर वणवण हिंडत होत्या.

त्या संध्याकाळी मुलांनी घरोघर निरोप नेला. दरवर्षीचा निरोप असे, 'मेळाव्याला अवश्य यावे.' यंदाचा निरोप वेगळा होता. माकडिणीला, 'तोरणं बांधायला या.' मुंगसाला, 'चूल खणायला या.' सशाला, 'भोपळे किसायला दात घेऊन या.' कासवाला मात्र लगेच निघायला सांगितलं, म्हणजे सकाळी वेळेवर पोचेल.

दुसऱ्या दिवशी माळावर ही गडबड! माकडिणीने तोरण बांधलं ते एका बाजूला चांगलं हातभर खाली आलं. बाईंची चोच शिवशिवली. 'सोडा आणि परत बांधा' हे शब्द अगदी टोकाशी आले होते. बाईंनी ते गिळले आणि म्हणाल्या, "छान दिसतंय हं." माकडिणीचा चेहरा असा खुलला, की तिने आणखी तीन तोरणं बांधली. तीही वाकडी! खीर बोलण्याच्या नादात बुडाला लागली. स्वागतगीत सगळ्यांनी मिळून म्हटलं, त्यामुळे सूर अकरा वाटांनी गेले. पण हसू मात्र एकच होतं.

आणि घरं? अहो, अकराच्या अकरा आली! वर कुणाची आत्या, कुणाचे आजोबा. येणार नाहीत तर काय? ज्याने चूल खणली त्याला ती पेटलेली बघायची होती, आणि साळिंदराचं पोर पंगतीत पानापानापाशी जाऊन सांगत होतं, "ही माझ्या आईने लावली. हीसुद्धा!" त्या पंगतीत साळिंदरीण मधोमध बसली. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून सगळे आनंदाने बसले, आणि ते कुणाला खटकलंही नाही.

म्हातारा गवा घरं बघायला म्हणून आला होता. "उभे काय राहिलात? दोर धरा!" असं म्हणत पोरांनी त्याला रस्सीखेचीच्या मधोमध उभं केलं, ते थेट जेवणापर्यंत. जाताना बाईंनी भीत भीत विचारलं, "मग पंचांना काय सांगणार?" गवा मिशीला लागलेली खीर पुसत म्हणाला, "सांगेन, शाळा भरलेली आहे. आणि पुढच्या वर्षी मला कामाचं आधी कळवा, आयत्या वेळी नको."

बाईंना इतकं हलकं वाटलं, की बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. आणि बांधलेला पाय! तो वर कसा करणार? बाई आडव्याच झोपल्या, पाय जमिनीला टेकवून. जरा वेळाने दचकून जाग आली. "अगं बाई, आभाळ!" म्हणत त्यांनी वर पाहिलं. आभाळ जिथल्या तिथे होतं, स्वच्छ निळं.

मग त्यांनी खाली पाहिलं. बेहड्याखाली अकराही मुलं उताणी पडली होती, इवले इवले पाय वर करून. त्यांच्या मागे माकडीण, मुंगसाची आजी, कासव, सगळे उताणे. साळिंदरिणीला पाठीवर झोपता येईना, म्हणून ती कुशीवर पडून एक पाय तेवढा वर धरून होती. (कासवाला नंतर चौघांनी सरळ केलं.)

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

सशाची चिमुरडी पाय खाली न घेता कुजबुजली, "हळू बोला, बाई. तुमचा पाय दुखतोय ना? म्हणून आज आम्ही धरलंय. तुम्ही झोपा."

बाई पुन्हा झोपल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण झोप गाढ लागली.

तात्पर्य : ज्याला नुसतं बोलावलं, तो जेवून जातो, ज्याला कामाला हात लावू दिला, तो आपला होऊन राहतो. आणि आभाळ कधी एकट्याने धरायचं नसतं.