बुजलेल्या विहिरीची सूचना

पाळकसाहेबांच्या उपदेशावर प्रश्न काढायचा नाही, हे अनुग्रहाला लहानपणीच बजावलं होतं. तरी 'जगाचा नाश जवळ आलाय' या त्यांच्या उपदेशानं घाबरलेल्या संडे स्कूलच्या मुलांना तिनं सांगितलं, "येशूनं सांगितलेला तो नाश यरुशलेमचं मंदिर पडलं तेव्हाच झाला." त्यानंतर महिनाभर चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना. शेवटी चर्चच्या पंचांनी तिला बोलावून फर्मावलं, "माफी माग, नाहीतर वर्ग सोड."

तिनं त्यांच्यासमोरच चर्चची जुनी सूचनावही उघडून वाचलं, "विहिरीचा कठडा ढासळला आहे, मुलांना जपा."

पाळकसाहेब हसले. "अगं, विहीर बुजवून चाळीस वर्षं झाली! ती सूचना तेव्हाच्या लोकांना होती."

"मग त्या नाशाबद्दल येशूनं दिलेली 'यहूदीयात असतील त्यांनी डोंगरांत पळून जावं' ही सूचना कोणाला होती, साहेब? यहूदीया म्हणजे यरुशलेमचाच मुलूख. मंदिर पडूनही एकोणीसशे वर्षं झाली. मी माफी मागणार नाही."

ती आपल्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली.