वर्गाबाहेर पाठवण्यात आले

"कर्ता कोण?"

भिंगारदिवे सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चढला नव्हता. कागदावरची नजरही हलली नव्हती.

शाल्मलीचे कान तापले. "सर, अहवाल असेच लिहितात. करण्यात आले, देण्यात आले. सगळीकडे हीच पद्धत आहे."

"पद्धत नाही विचारत मी."

गुरुवार होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचच्या आत हा कागद सरांच्या सहीसकट मुख्याध्यापिकांच्या टेबलावर जायचा होता.

बार्नबस भिंगारदिवे या घाटमाथ्यावरच्या शाळेत चाळीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झाले होते, पण शाळेनं त्यांना सोडलं नव्हतं. नव्या शिक्षकांची पाठटाचणं दर गुरुवारी त्यांच्या खोलीत येत. वर्गातलं कुठलंही भांडण असलं तरी अहवालावर दुसरी सही त्यांची लागे.

शाल्मली देवस्थळी त्यांचीच विद्यार्थिनी. हुशार, आणि ते ठाऊक असलेली. सातवीला सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी पहिलाच तिचा जोडतास असे. आधी अमेरिकेतल्या वसाहतींचा इतिहास, मग व्याकरण. तिच्या टाचणांवर सरांनी आजवर लाल पेन्सिल क्वचितच चालवली होती. या महिनाअखेरीला ती नोकरीत कायम होणार होती.

"वाच," सर म्हणाले. "मोठ्यानं."

तिनं कागद उचलला.

"सोमवारी इतिहासाच्या तासाला इयत्ता सातवीतील विद्यार्थिनी वैजयंता ढेबे हिने शिस्तभंग केला. तिला वर्गाबाहेर पाठवण्यात आले. त्यानंतर ती शाळेत आलेली नाही."

"पहिल्या वाक्यात शिस्तभंग कुणी केला?"

"वैजयंतानं."

"दुसऱ्या वाक्यात बाहेर कुणी पाठवलं?"

शाल्मलीनं कागद खाली ठेवला.

"मुलीच्या वाक्याला कर्ता आहे," सर म्हणाले. "नाव-आडनावासकट."

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. खालच्या भोजनगृहात कुणीतरी पातेलं घासत होतं, त्याचा खरखर आवाज वर येत होता. वैजयंताचे वडील लक्ष्मण ढेबे तिथेच स्वयंपाकी होते, म्हणून तिला फी माफ होती. त्यांनी कालच कार्यालयात सांगितलं होतं, पोरीचं नाव काढून द्या, गावच्या शाळेत घालतो. आणि या कागदावर सही पडली की शाळाही तिला थांबवायला जाणार नव्हती.

"काय झालं ते सांग," सर म्हणाले. "लिहिलंयस ते नको."

शाल्मली खुर्चीच्या कडेवर बसली. सांगायला लागली तेव्हा आवाजात ऐट होती, कारण पाठ खरंच चांगला बसवला होता. संस्थेचे पाहुणे मागच्या बाजूला बसले होते. तिनं वर्गाची अमेरिका केली होती. पुढचे दोन बाक मूळ रहिवाशांचे. दारातून जहाजं यायची, वसाहतवाले उतरायचे, आणि दर खेपेला मूळ रहिवाशांनी एकेक बाक मागं सरायचं. व्हर्जिनिया. मॅसॅच्युसेट्स. पेनसिल्व्हेनिया. मुलं रंगली होती. पाहुणे हसत माना डोलावत होते.

"आणि वैजयंता?"

"ती मूळ रहिवासी होती. तीनदा सरकली. चौथ्यांदा मी सांगितलं, आता भिंतीला उभी राहा. तर म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"'मी नाही सरकणार.' बाक धरून बसली. सगळा खेळ थांबला. मी समजावलं, अगं, इतिहासात असंच झालंय. तर पुन्हा तेच. पाहुणे बघत होते, सर!"

"मग?"

"मग तिला बाहेर... जावं लागलं."

सरांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

शाल्मली घाईनं बोलून गेली. "मी म्हटलं, फुकट शिकायला मिळतंय तर निदान सांगितलेलं ऐकावं. मग दंडाला धरून तिला व्हरांड्यात नेलं आणि दार लावून घेतलं. तास संपून दार उघडलं तेव्हा ती नव्हती."

"त्यानंतर तास किती वेळ चालला?"

"साठ मिनिटं."

"सोमवारी गारठा होता."

"हो."

"स्वेटर?"

"...बाकावर राहिला होता."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्ता बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं.

सरांनी टेबलाचा खण उघडून कोरा कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. त्या खणात पिवळ्या पडलेल्या अहवालांचा एक गठ्ठा होता. "यातले बरेचसे माझ्या हातचे आहेत," ते म्हणाले. "पाठवण्यात आले, समज देण्यात आली. एकातही मी सापडत नाही."

शाल्मलीनं पेन उघडलं. बराच वेळ टोक कागदाला टेकलं नाही. मग तिनं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी कागद त्यांच्यासमोर धरला.

"मी वैजयंताला सर्वांसमोर अपमानास्पद बोलले. मी तिला दंडाला धरून वर्गाबाहेर काढले आणि स्वेटरशिवाय थंडीत उभे केले. तिने काहीही चूक केली नव्हती."

तिचे डोळे भरले होते, आणि कुठंतरी बरंही वाटत होतं. अवघड उदाहरण सोडवून वही गुरुजींपुढे ठेवावी, तसं.

"आता बरोबर आहे ना, सर?"

"व्याकरण बरोबर आहे."

"मग सही..."

"'मी तिला.' प्रथम पुरुष, तृतीय पुरुष." सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आता हेच द्वितीय पुरुषात कर."

शाल्मलीनं नकळत पेन पुन्हा उचललं. सरांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं.

ती बघत राहिली. मग उठली.

भोजनगृहामागच्या नोकरांच्या खोल्यांपर्यंत जायला साठ-सत्तर पायऱ्या उतराव्या लागत. वर्षभरात शाल्मली तिकडे कधी गेली नव्हती. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. मध्येच तिला वाटलं, परत फिरावं, उद्या बोलावून घ्यावं मुलीला ऑफिसात. तेवढ्यात लक्ष्मण ढेबे समोरून वर येताना दिसले. हाताला पीठ लागलेलं.

"बाई, तुम्ही इकडं?"

"वैजयंता आहे का?"

"हाय. पन ती यायची न्हाई." ते पायरीवर मधोमध उभे राहिले. "झालं ते झालं. आम्ही काय तक्रार करनार न्हाई. तुम्ही जावा."

"मला तिच्याशी बोलायचंय, ढेबेकाका."

"चार दिस पोर ताटावर बसंना. आन् आता काय बोलायचं ऱ्हायलंय?"

शाल्मली तिथंच उभी राहिली. ते बाजूला होईनात आणि तिलाही मागं फिरता येईना.

"आबा," खालून आवाज आला. "येऊ द्या त्यांना."

वैजयंता दारात उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला, नाक लाल. आत बोलावलं नाही. बसाही म्हणाली नाही.

वरच्या खोलीत कागदावर उतरलेलं वाक्य शाल्मलीला इथं जमेना. मी तुला... एवढंच निघालं. मुलगी सरळ तिच्याकडे बघत होती.

"मी तुला बाहेर काढलं. मी तुला नको ते बोलले. पाहुण्यांसमोर माझी शोभा होईल म्हणून. तुझं काही चुकलं नव्हतं, वैजयंता."

लक्ष्मण ढेबेंनी मान खाली घातली आणि हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढत राहिले.

मुलगी विचारात पडल्यासारखी दिसली. मग म्हणाली, "बाई, हे तुम्ही हितं बोलताय."

"म्हणजे?"

"मला तुम्ही वर्गासमोर बोलला होता."

ती आत गेली. दार आपटलं नाही. नुसतं लोटून घेतलं.

शाल्मली परत वर पोचली तेव्हा पाचला सात मिनिटं होती. दम लागला होता. सर होते तसेच बसले होते. तिनं टेबलावरच्या सरांच्या पेननं नव्या कागदावर आधी स्वतःची सही केली. सरांनी तिच्या सहीखाली आपली केली, तारीख घातली.

"सर, हा कागद आत गेला तर मुख्याध्यापिका मला कायम करणार नाहीत."

"कदाचित नाही करणार."

"आणि तिनं माफही केलं नाही मला. म्हणाली... वर्गासमोर बोलला होता."

सरांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"तीस मुलं आहेत वर्गात. त्यांच्यासमोर मी हे म्हटलं तर उद्यापासून माझा एक शब्द तरी ऐकतील का ती? आणि एवढं करून ती आलीच नाही तर? तिच्या रिकाम्या बाकाकडे बघून बोलायचं मी?"

घड्याळाचा काटा पुढे सरकला. खाली भोजनगृहात पाण्याची बादली कुणीतरी ओतली.

"सांगा ना, सर... मी काय करू?"

भिंगारदिवे सरांनी खिशातून तिचं पेन काढलं, कागदावर ठेवलं, आणि दोन्ही मिळून तिच्या हातात दिली.

"उद्या सातवीवर पहिला तास कुणाचा आहे?"