रातव्याची दोन अंडी

एक होता माळ. उघडाबोडका, लांबच लांब. त्या माळावर राहायचा एक रातवा. रातवा म्हणजे पाखरू, बरं का. रंग वाळक्या पाचोळ्यासारखा. दिवसा डोळे मिटून जमिनीला चिकटून बसला, की शेजारून जाणाऱ्यालाही दिसायचा नाही. चोच एवढीशी, पण उघडली की आत हे मोठं तोंड! त्याच्या जोडीदारणीला घुबडानं नेलं होतं. घरटं नव्हतं. उघड्या मातीवर दोन अंडी, आणि वर हा एकटा.

त्याच माळावर सोजाबाई धनगरीण शेळ्या राखायची. तीही एकटीच. रातव्याशी बोलायची, आणि रातवाही तिच्याशी बोलायचा.

एकदा काय झालं, गावातल्या शेळ्या आटल्या, सोजाबाईच्याही. संध्याकाळी रातवा शेळ्यांच्या पायांतून भिरभिरायचा, हे लोकांनी पाहिलेलं. मग काय! म्हणाले, हाच दूध पितो. तोंड बघा केवढं!

मग लोक काठ्या घेऊन आले. रातवा हलला नाही, कुणाला दिसला नाही. मग कुत्री घेऊन आले. तरी दिसला नाही. मग आले पेटते पलिते घेऊन. माळच जाळायचा!

सोजाबाई धावली. "अरे, उड ना!"

रातवा म्हणाला, "मी उडेन गं. अंडी कशी उडतील?"

मग सोजाबाईनं काय केलं? अंड्यांभोवती वाघर ठोकली. वाघर म्हणजे धनगरांचं जाळ्याचं कुंपण. आत आपल्या शेळ्या घातल्या आणि मधोमध स्वतः बसली.

येसाजी पाटील ओरडले, "बाई, ऊठ तिथनं!"

"न्हाई उठत. आधी सांगा, ह्याला दूध पिताना बघितलं कुणी?"

"खंडूनं बघितलं."

खंडू म्हणाला, "मी कुठं? मला धोंडाईनं सांगितलं."

धोंडाई म्हणाली, "अगं बाई! मी तर पाटलांच्याच तोंडून ऐकलं!"

ऐकताय ना? बघितलं कुणीच नव्हतं! आणि निघाले होते माळ जाळायला!

"मग आता बघा," सोजाबाई म्हणाली. "उभे राहा, आणि नीट बघा."

दिवस मावळला. शेळ्यांवर चिलटांचा ढग उतरला. शेळ्या पाय आपटू लागल्या, अंग झाडू लागल्या. मग रातवा उठला. त्यानं तोंड उघडलं. टोपलीएवढं झालं, मग हाऱ्याएवढं झालं, मग कणगीएवढं! सगळा ढग त्यात गेला. शेळ्या शांत झाल्या, खाली बसून रवंथ करू लागल्या. आणि पाटलांच्या डोळ्यांदेखत शेळ्यांच्या कासा भरून आल्या.

पलिते विझले. लोक मुकाट्यानं घरी गेले. "चुकलं" म्हणायला कुणी थांबलं नाही.

मग अंडी फुटली. पाचोळ्याच्या रंगाची दोन पिल्लं निघाली. मोठी झाली आणि एका संध्याकाळी उडून गेली. कुठं गेली, कुणास ठाऊक. सोजाबाई त्या वाटेकडे किती वेळ बघत राहिली.

रातवा मात्र राहिला. रोज दिवेलागणीला तो तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसायचा. दोघं फार बोलायची नाहीत. तशीच राहिली, सुखानं.

आता पांघरूण घ्या, आणि झोपा.