फांदीच्या टोकावरची धाकटी

जंगलाच्या कडेला, एका जुन्या करंजावर, सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, नाव सातभाई असले तरी या थव्यात बहिणीही असतात. नाव ठेवताना त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच. हे मातकट पक्षी दिवसभर पाचोळा उलथून किडे वेचतात, एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि ऊन उतरले की एका फांदीवर अंगाला अंग लावून बसतात. मग सुरू होते विंचरणे. जो तो शेजाऱ्याच्या डोक्यावरची, मानेवरची पिसे चोचीने फुलवतो आणि आत लपलेली गोचीड उपटून काढतो. हे काम दुसऱ्यानेच करावे लागते, कारण स्वतःच्या मानेपर्यंत कोणाचीच चोच पोचत नाही.

थव्यात एक धाकटी होती. डोळे तीक्ष्ण, जीभ त्याहून तिखट. संध्याकाळी तिची जागा ताईच्या कुशीत ठरलेली. ताई तिचे डोके विंचरता विंचरता म्हणायची, "जरा स्वस्थ बस गं! तुझ्या डोक्यात गोचिडींपेक्षा प्रश्नच जास्त आहेत."

या थव्याचा एक कडक नेम होता. सगळे खाली चरत असताना एकाने शेंड्यावर बसून पहारा करायचा आणि संकट दिसले तर हाक द्यायची ती त्यानेच. खालच्यांनी तोंड उघडायचे नाही. पहाऱ्याचा मान आजोबांचा. त्यांची नजर कधीच अधू झाली होती. हे सगळ्यांना ठाऊक होते, बोलत मात्र कोणी नव्हते. एका सकाळी झाडांच्या आडून एक शिक्रा थेट थव्यावर झेपावला. आजोबा त्याच दिशेला तोंड करून ऐटीत बसले होते. धाकटीने खालूनच किंकाळी फोडली. सारा थवा काटेरी जाळीत घुसला आणि वाचला. शिक्रा रिकाम्या पंजांनी परत गेला.

आता तुम्हाला वाटेल, धाकटीचे कौतुक झाले असेल. छे!

"माझ्या पहाऱ्यात ओरडणारी तू कोण?" आजोबा गरजले.

"शिक्रा होता, आजोबा. तुम्हाला दिसला नाही."

"मला दिसला नाही, म्हणजे तो नव्हता!"

"नव्हता? मग जाळीत सगळ्यांच्या आधी कोण शिरले?"

कोणीतरी फिसकन हसले. तेवढे हसू पुरले. थोरामोठ्यांची बैठक बसली. "पोरीच्या जातीला एवढी जीभ बरी नव्हे," मावशी म्हणाली. शेवटी आजोबांनी निकाल दिला, "हिला वाळीत टाका. कोणी बोलायचे नाही, शेजारी बसायचे नाही, विंचरायचे नाही. 'शिक्रा नव्हता' असे ही स्वतःच्या तोंडाने म्हणेल, तेव्हा पुढचे बघू."

"किती सौम्य शिक्षा!" मावशी कौतुकाने म्हणाली. "दुसरा थवा असता तर पिसे उपटली असती."

धाकटीलाही ती सौम्यच वाटली. "बरे झाले, कटकट गेली," ती मोठ्याने म्हणाली. तिने फांदीचे टोक गाठले. वाळवीचे वारूळ एकटीने फस्त केले. पण "अगं, मला ठेव ना थोडी!" असे ओरडणारे कोणी नव्हते, आणि मग वाळवीची चव मातीसारखी लागू लागली. सकाळी ती हाक द्यायची, उत्तर यायचे नाही. तिने विनोद केला तरी कोणी हसायचे नाही, शिवी दिली तरी कोणी उलटून बोलायचे नाही. भांडायलासुद्धा कोणीतरी लागते, मुलांनो. ती नाल्यापलीकडच्या थव्याकडे गेली. "तुझ्या घरच्यांना तू नको आहेस, मग आम्हाला कशाला?" म्हणून त्यांनी तिला पिटाळून लावले.

तिच्या मानेवर गोचिडी चिकटल्या. तिने सालीवर मान घासली. रक्त आले, पण गोचीड सुटली नाही. थंड वारा सुटला की फांदीवरचे बाकीचे आणखी दाटीने बसायचे आणि टोकावरची धाकटी एकटीच पिसे फुगवून कुडकुडायची. आणि एक भलतीच गोष्ट घडू लागली. आपण शिक्रा पाहिला की नाही, अशी तिला शंका येऊ लागली. आपल्या म्हणण्याला 'हो' म्हणणारे कोणी उरले नाही, की स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडतो.

एका दुपारी थोरले पेंगत असताना ताई हळूच तिच्याजवळ उतरली.

"ताई! बघ ना गं, मान नुसती ठणकते आहे."

ताईने पिसे फुलवली आणि ती चरकली. एक टम्म फुगलेली गोचीड तिने ओढून काढली. धाकटीने डोळे मिटले. किती दिवसांनी तिला कोणाचा तरी स्पर्श झाला होता!

"अजून आहेत गं, ताई. थांब ना."

"थांबते, पण कोणी पाहिले तर मलाही..."

तेवढ्यात वरून मावशीचा आवाज आला, "कोण आहे गं तिथे?"

"कोणी नाही, मावशी!" ताई घाईघाईने म्हणाली आणि उडून गेली.

कोणी नाही. धाकटीने ते नीट ऐकले.

त्याच संध्याकाळी ती सरपटत आजोबांच्या समोर गेली. "शिक्रा नव्हता, आजोबा," ती म्हणाली. "मलाच भास झाला."

"बघा! आली की नाही ताळ्यावर?" आजोबांचा ऊर भरून आला. "आता बैठकीत तुझ्या माफीचे ठरवू. काका नदीकडे गेले आहेत, ते आले की बसू."

"तोवर माझी मान तेवढी कोणी..."

"नेम म्हणजे नेम, पोरी."

धाकटी टोकावर परत गेली. काका चार दिवसांनी सावकाश आले. मग बैठकीत कोणी कोणाच्या उजवीकडे बसायचे यावरून वाद झाला. तो मिटल्यावर आजोबांनी शिस्तीवर लांबलचक भाषण केले. अखेर एकमताने माफी मंजूर झाली. शब्द पुरा व्हायच्या आत ताईने टोकाकडे झेप घेतली.

टोक रिकामे होते. धाकटी खाली पाचोळ्यात पडली होती. तिचे पंख स्वच्छ होते, पोटावरची पिसे नीटनेटकी होती. जिथवर चोच पोचत होती तिथवर तिने शेवटपर्यंत सगळे नीट ठेवले होते. मानेवर मात्र पिसे दिसत नव्हती, नुसत्या गोचिडी होत्या.

"खाण्यापिण्याला तर आपण आडकाठी केली नव्हती," आजोबा म्हणाले. "मुळातच नाजूक होती."

"आणि माफही केले होते," मावशी म्हणाली.

ताई काहीतरी बोलणार होती. तिने चोच उघडली, सगळ्यांकडे पाहिले आणि मिटली. ऊन उतरले तसे सारे फांदीवर रांगेने बसले. मावशी सरकून ताईच्या शेजारी आली आणि तिचे डोके विंचरू लागली. त्याच चोचीने धाकटीच्या शिक्षेचे कौतुक केले होते, हे ताईला आठवत होते. पण तिच्याही मानेला खाज सुटली होती. तिने डोळे मिटले आणि मान आणखी खाली वाकवली.

तात्पर्य : अन्नावाचून जीव जातो, तसाच तो शब्दावाचून आणि शेजारावाचूनही जातो. एखाद्याला एकटे पाडणाऱ्यांना थोर म्हणू नका, ते मारेकरीच. आणि भीतीने गप्प राहून त्यांना साथ देणारेही.